तिसऱ्या दिवशी भूक मरते

"बिघाड काय आहे?" डॉ. नसीम मुजावर यांनी विचारलं.

त्रिशला चौगुलेनं उत्तर घरूनच तयार करून आणलं होतं. "थकवा येतो. केस गळतात."

डॉक्टरांनी पडद्यावरचे रक्ताचे रिपोर्ट पुन्हा एकदा वरून खाली पाहिले. "हिमोग्लोबिन चांगलं. बी-बारा चांगलं. थायरॉईडही ठीक. केस तर माझ्यापेक्षा दाट आहेत तुमचे. आणि कलम असं बसलंय, की ज्यानं बसवलं त्याला बोलावून शाबासकी द्यावी. मग काढायचं कशाला?"

त्रिशलानं मांडीवरच्या पिशवीचे बंद सरळ केले.

मिरजेला लोक फार पूर्वीपासून उपचारासाठी येत. अलीकडे त्यात एका नव्या गर्दीची भर पडली होती. आधी दुसरीकडे केलेली शस्त्रक्रिया दुरुस्त करून घ्यायला येणाऱ्यांची. कुणाचं जठर लहान करता करता फारच लहान झालेलं, कुणाची चरबी गेली पण कातडी ओट्यावरच्या ओल्या फडक्यासारखी लोंबत राहिलेली. डॉ. मुजावर फक्त अशीच कामं करत. "मी घरं बांधत नाही," त्या रुग्णांना सांगत, "दुसऱ्यांनी बांधलेल्या घरांची गळती काढते."

त्रिशलाच्या पोटात जे होतं त्याला वैद्यकाच्या भाषेत लांबलचक नाव होतं. लोकांनी त्याचं 'कलम' करून टाकलं होतं, आंब्याला करतात तसं. त्यामागची कल्पना सोपी होती. जेवलेलं अन्न लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात पोचलं, की तिथल्या काही पेशी रक्तात संप्रेरकं सोडतात आणि मेंदूला निरोप जातो, 'पुरे'. पण अन्नाला तिथवर पोचायला वेळ लागतो आणि तोवर माणूस दोन पोळ्या जास्त खाऊन बसलेला असतो. आधीच्या पिढीनं या संप्रेरकांच्या नकला सुईनं टोचून घेतल्या. सुई थांबली की वजन परत येई. मग कुणाला तरी सुचलं, की निरोप्यालाच उचलून दारात बसवावं. रुग्णाच्या त्वचेतल्या पेशी घ्यायच्या, त्यांना उलट्या पावली मूळपेशींच्या अवस्थेत न्यायचं, त्यांच्यापासून त्या निरोप्या पेशींचा पातळ पापुद्रा वाढवायचा आणि जठर संपून आतडं सुरू होतं तिथे तो चिकटवायचा. पेशी स्वतःच्याच, त्यामुळे शरीर त्यांना परकं मानत नाही. दोन घास पोटात गेले की 'पुरे'. जन्मभर.

"एक गोष्ट मात्र कुणाच्या आराखड्यात नव्हती," डॉ. मुजावर म्हणाल्या. त्यांनी कागद ओढून घेतला आणि पोटाचं चित्र काढून त्यावर वरून खाली येणाऱ्या रेषा मारल्या. "मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारा हा मज्जातंतू. वर्षा-दोन वर्षांत त्याच्या बारीक फांद्या कलमात शिरतात. मग 'पुरे' हा निरोप जेवल्यावरच जातो असं राहत नाही. तो जातच राहतो. रिकामं जठर भुकेचं संप्रेरक सोडतं, तेही हळूहळू बंद पडतं. लवकर पोट भरणं वेगळं आणि भूकच न लागणं वेगळं. तुम्हाला लागते?"

"नाही."

"आठवते तरी?"

त्रिशलानं विचार केला. "शाळेतला वर्ग आठवावा तशी. बाकं आठवतात, आवाज आठवत नाहीत."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "आणखी एक सांगते. हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण दोन-तीन अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतायत. शरीराच्या आतल्या बातम्या मेंदूत जिथे पोचतात, त्याच भागातून आपण समोरच्याच्या पोटात काय चाललंय याचा अंदाज बांधतो. स्वतःच्या तारा छेडून दुसऱ्याचा सूर ओळखायचा, असं समजा. कलमवाल्यांना भुकेल्या माणसांचे आणि जेवलेल्या माणसांचे चेहरे दाखवले. दुखणं, भीती, झोप, सगळं त्यांनी बरोबर ओळखलं. भूक नाही ओळखली. म्हणजे दुसऱ्याची भूक त्यांना..."

"काढा," त्रिशला म्हणाली.

"कारण मला अजून कळलेलं नाही. पण तुम्हाला कळलंय, एवढं दिसतंय."

"साखर कारखान्यात केमिस्ट आहे मी. हंगाम संपलाय. रजा मिळते. कधी करता?"

कारण गेल्या भाद्रपदातलं होतं. खरं म्हणजे त्याच्याही आधीचं.

लग्नानंतर त्रिशला अंगानं सुटली होती. हळदीकुंकवाला बायका तोंडावर म्हणायच्या, "चौगुल्यांची सून साखर तपासते का खाते गं?" ती हसायची आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसायची. शेवटी तिनं आणि नवऱ्यानं, भरतेशनं, पुण्याला जाऊन कलम करून घेतलं. घरी सांगितलं हर्निया. सासूबाईंना, म्हणजे घरातल्या आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या अक्कांना, खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. पण 'खाणं आवरत नाही म्हणून पोट कापून घेतलं' हे वाक्य त्रिशलाच्या तोंडून निघेना. हर्निया सोपा होता. हर्नियाला कुणी हसत नाही.

मग पर्युषण पर्व आलं. जैनांच्या घरात ते दहा दिवस म्हणजे बस्तीतली, जैन मंदिरातली, पूजा, रोजचं प्रवचन आणि ज्याला जमेल तसा उपवास. त्रिशलाचं ताट पाहून अक्का म्हणाल्या, "अर्धी भाकरी खातीस, तर उपवासच कर की एखादा." तिनं केला. काहीच वाटलं नाही. पुढच्या वर्षी तीन केले. आणि त्याच्या पुढच्या वर्षी बस्तीत उभं राहून तिनं दहा उपवासांचा नियम घेतला. दिवसातून एकदा उकळून गार केलेलं पाणी, बाकी काही नाही. नियम का घेतला? अक्कांना बरं वाटावं म्हणून. पण नुसतं तेवढंच नव्हतं. ज्या बायकांनी साखरेवरून चेष्टा केली होती, त्या आता बस्तीत तिला पुढे बसायला जागा करून देत होत्या.

पारण्याच्या दिवशी नातेवाईक साडी-चोळी घेऊन आले. चमच्या-चमच्यानं मुगाचं पाणी तिला पाजलं. आणि अक्का, ज्यांना आयुष्यात सलग पाचच्या वर उपवास कधी झेपले नव्हते आणि त्याची हळहळ ज्या बोलून दाखवत, त्या अक्का सुनेसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "अनुमोदना करते बाई. तुझ्या तपाची."

त्रिशलाला त्यांचे हात धरून खाली करावेसे वाटले. तिनं मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

नणंदेची मुलगी चंदना त्याच वर्षी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आली. गोल चेहऱ्याची, खळखळून हसणारी, जेवायला बसली की आधी लोणच्याची बरणी पुढ्यात ओढणारी पोर. तिला बघायला एक स्थळ आलं आणि 'मुलगी जरा अंगानं आहे' म्हणून गेलं. त्यानंतर ती हसायची तशीच, पण बरणी ओढेनाशी झाली. पुढचं पर्व जवळ आलं तेव्हा तिनं मामीला स्वयंपाकघरात गाठलं.

"मामी, यंदा मीपण दहा करणार. तुम्ही कसे केले ते सांगा. भूक कशी सोसली?"

तेव्हा त्रिशलाला खरं बोलता आलं असतं. नुसतं 'मला सोसावी लागत नाही' म्हटलं असतं, तरी पुरलं असतं. पण चंदना ज्या डोळ्यांनी पाहत होती, तसं तिच्याकडे याआधी कुणीच पाहिलं नव्हतं. तिनं इतर बायकांकडून ऐकलेलं एक वाक्य उचलून पुढे केलं. "पहिले दोन दिवस जड जातात. तिसऱ्या दिवशी भूक मरते. मग काही वाटत नाही."

चंदनाची भूक तिसऱ्या दिवशी मेली नाही. पाचव्या दिवशीही नाही. पण मामीनं सांगितलं होतं, म्हणजे मरायला हवी होती. पोरीनं ते कुणाला सांगितलं नाही. पुढे मळमळायला लागलं तसं तिनं एकवेळचं पाणीही जवळजवळ सोडलं. त्रिशलाचेही उपवास चालू होते आणि ती रोज प्रवचनाला तिच्या शेजारी बसत होती. "बरी आहेस ना?" असं विचारतही होती आणि तोंडाकडे पाहून, काही दिसत नाही असं मनाशी ठरवतही होती. आठव्या दिवशी बस्तीच्या पायऱ्या उतरताना चंदना कोसळली. रक्तातलं पोटॅशियम तळाला गेलेलं, हृदयाचे ठोके वेडेवाकडे, मूत्रपिंडं थकलेली. ती वाचली. डॉक्टरांनी सांगितलं, की यावेळी मूत्रपिंडं सावरली, पण पुन्हा असं झालं तर सावरतीलच असं नाही.

पर्व संपल्यावर क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांसमोर हात जोडतात आणि जाणता-अजाणता झालेल्या चुकांची माफी मागतात. चंदना तेव्हा हॉस्पिटलच्या खाटेवर होती. सलाईनची नळी सांभाळत तिनं दोन्ही हात कसेबसे जुळवले.

"उत्तम क्षमा, मामी. मी तुमचं नाव घालवलं."

"वेडी का तू? उत्तम क्षमा, बाळा," त्रिशला म्हणाली. त्या दिवशी सगळे म्हणतात तेच शब्द तीही म्हणाली आणि त्या शब्दांच्या गर्दीत लपून राहिली.

"पुढच्या वर्षी पुरे करीन," चंदना म्हणाली. "बघा तुम्ही. माझं मनच कच्चं होतं."

त्या दिवसापासून त्रिशलाला झोप लागत होती, काम होत होतं, रसातली साखर सांगणारे ब्रिक्सचे आकडे बरोबर येत होते. पण दुपारी प्रयोगशाळेत उसाच्या रसाची नळी उजेडाकडे धरली, की तिला सलाईनची नळी दिसायची.

"सरळ सांगून टाक की," भरतेश म्हणाला. दोघं गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होते. "कलम केलंय, भूक लागत नव्हती. संपलं."

"तू सांग."

"मी कसं सांगू? पोट तुझं."

"अक्का तुझी ना!"

भरतेश मिरच्यांत हात घालून नुसताच चाळवत राहिला. "अक्का ज्याला त्याला सांगत फिरतीय गं. माझ्या सुनंनं घराण्याचं नाव काढलं म्हणून. तिला काय वाटेल?"

"तेच," त्रिशला म्हणाली.

तिनं दुसरीच वाट शोधली होती आणि ती तिला मोठी हुशारीची वाटत होती. कलम काढायचं. भूक परत आणायची. येत्या पर्वात चंदनाबरोबर नियम घ्यायचा आणि सगळ्यांदेखत, चंदनाच्या आधी, मोडायचा. मामीलाही जमत नाही हे पोरीनं डोळ्यांनी पाहिलं, की तिच्या मनावरचं ओझं उतरेल. कुणाला काही सांगायला नको. भरतेशला हे ऐकवल्यावर तो म्हणाला, "म्हणजे दोन वाक्यं बोलायची नाहीत म्हणून पुन्हा पोट कापून घेणार?"

होय. दोन वाक्यं बोलण्यापेक्षा पोट कापून घेणं तिला सोपं वाटत होतं.

घरी सांगितलं, हर्नियाची जाळी सैल झालीय.

डॉ. मुजावरांनी तोंडावाटे दुर्बीण घातली, पोटाला बारीक छिद्रं पाडली आणि कलमाचा पापुद्रा मज्जातंतूच्या फांद्यांसकट सोडवून काढला. "आता ऐका," त्या नंतर म्हणाल्या. "तुमचं जठर इतकी वर्षं मुकं होतं. तोंड फुटलं की ओरडेल. काही महिने भूक इतरांपेक्षा जास्त लागेल. वजन परत येईल, सगळं नाही, पण येईल. रडायचं तर माझ्याकडे येऊन रडा, दुसऱ्या सर्जनकडे जाऊ नका."

हॉस्पिटलातच एका सकाळी त्रिशलानं घाबरून नर्सला बोलावलं. पोटात कुणीतरी मूठ आवळत होतं, सोडत होतं, पुन्हा आवळत होतं. टाका तुटला की काय? नर्सनं पोट चाचपलं, घड्याळाकडे पाहिलं आणि ती हसली. "ताई, भूक लागलीय तुम्हाला."

ती भूक साधी नव्हती. कारखान्यात डबा सकाळीच संपायला लागला. जैनांना कंदमूळ वर्ज्य, त्यामुळे घरात बटाटा शिजत नसे. कँटीनमध्ये त्रिशलानं बटाटेवडे खाल्ले, पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. नंतर वॉशबेसिनवर साबण लावून हात पुन्हा पुन्हा धुतले. भरतेश तिचे डबे पाहून म्हणाला, "आज कारखान्यात पंगत आहे काय?" ब्लाउज उसवावे लागले. हळदीकुंकवाला कुणीतरी कुजबुजलंच, "तपस्विनी सुटली गं." तिला त्याचं विशेष काही वाटलं नाही.

वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तिला दिसायला लागलं होतं. हळूहळू, चष्म्याचा नंबर बदलल्यावर फळ्यावरची अक्षरं वेगळी व्हावीत तसं. वजनकाट्यावरचा माणूस बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडतो, ती भूक. बसमध्ये समोरची बाई पिशवीतल्या केळ्यांवर हात ठेवते, काढते, पुन्हा ठेवते, ती भूक. आणि घरी, दिवस मावळायच्या आधीच्या जेवणाला, चंदना अर्ध्या भाकरीवर "बास" म्हणते, पाण्याचा पेला उचलते, आणि तिची नजर भाकरीच्या टोपलीवरून निघत नाही.

"घे की अजून," त्रिशला म्हणाली.

"नको मामी, सवय करतीय. अष्टमी-चतुर्दशीला पूर्ण उपवासच धरते आता. यंदा पडायचं नाही."

त्रिशलानं तिच्या ताटात भाकरी टाकली. चंदनानं ती उचलून परत टोपलीत ठेवली.

भाद्रपदात दोघींनी बस्तीत शेजारी उभं राहून नियम घेतला. चंदनाच्या आईला फोनवर काळजी वाटत होती, डॉक्टरांनीही नको म्हटलं होतं. पण अक्का म्हणाल्या, "मामी बरोबर आहे ना तिच्या. ती सांभाळेल." एवढ्यावर सगळं मिटलं.

पहिल्याच दिवशी मोडायचं, असं त्रिशलानं ठरवलं होतं. पण संध्याकाळी बायका भेटायला आल्या, त्यांनी हात जोडले, आणि तिला उठून स्वयंपाकघरात जाववलं नाही. दुसरा दिवस ती अंथरुणावर पडून होती. हातापायांत जोर नव्हता, डोकं ठणकत होतं, शेजारच्या घरातल्या फोडणीच्या वासानं डोळ्यांत पाणी येत होतं. म्हणजे चंदनानं गेल्या वर्षी हे आठ दिवस काढले होते. हे असं. आणि आपण शेजारी बसून प्रवचन ऐकत होतो.

तिसऱ्या दिवसाचं प्रवचन आर्जव धर्मावर, म्हणजे सरळपणावर, असतं. मनात एक आणि ओठांवर एक असं नसावं, यावर पंडित नेहमीप्रमाणे बोलले. त्रिशला घरी आली, तडक स्वयंपाकघरात गेली, भाकरी दुधात कुस्करली आणि वाटी घेऊन बाहेरच्या खोलीत, अक्का आणि चंदना बसल्या होत्या तिथे, येऊन खायला लागली.

"माझ्यानं होत नाही," ती म्हणाली. "भूक सोसत नाही मला. मोडला मी."

अक्कांच्या हातातली जपमाळ थांबली. पण त्यांचा चेहरा कठोर झाला नाही, उलट मऊ झाला. "असूंदे गं. पोटाचं ऑपरेशन झालंय तुझं. उद्या पंडितांना विचारून प्रायश्चित्त घेऊ. तू केलंयस ते काय थोडं आहे?"

त्रिशला चंदनाकडे पाहत होती. आता या चेहऱ्यावर सुटका दिसायला हवी होती. चंदना उठली, मामीजवळ येऊन बसली आणि तिनं मामीच्या पाठीवरून हात फिरवला.

"मामी, वाईट वाटून घेऊ नका. तुमचे राहिले ते मी जोडून करते. माझे दहा झाले की पुढे तुमचे."

"दुसऱ्याचा उपवास कुणी करत नाही, पोरी," अक्का म्हणाल्या. "ज्याचं कर्म त्याला."

"मग माझ्या नावावर करीन आज्जी. मला हवेतच. मामींना शरीर साथ देत नाही म्हणून त्यांचा मोडला. माझं शरीर धडधाकट होतं, तरी मी आठव्या दिवशी पडले. मामींची तिसऱ्या दिवशी भूक मेली आणि मला ती सोडेना, म्हणजे माझ्यातच खोट आहे. ती धुऊन निघायला दहा पुरणार नाहीत."

त्रिशलाचा घास तोंडातच राहिला. तिनं पोटातलं कलम काढून टाकलं होतं, पण पोरीच्या डोळ्यांपुढची ती मामी कुठल्याच सर्जनला काढता येणार नव्हती. ती तिथेच उभी होती, दहा दिवस न खाता, न थकता, लोकांचे नमस्कार घेत. आजची हरलेली मामी तिच्यापुढे कुणीच नव्हती.

पश्चिमेच्या खिडकीतून आलेलं ऊन समोरच्या भिंतीवर वर सरकत होतं. या घरात सूर्य मावळल्यावर कुणाच्या तोंडात घास जात नसे, पाणीही नाही. आज सांगितलं नाही, तर चंदनाचा घास उद्यावर जाईल, आणि उद्याही सांगवलं नाही तर मग कधीच नाही.

"चंदना, माझी भूक मेली नव्हती," त्रिशला म्हणाली. "मला ती लागतच नव्हती."

"तेच की. तुमचं मन..."

"मनाचा काही संबंध नाही. हर्निया नव्हता तो. दोन्ही वेळेला नव्हता. वजन उतरावं म्हणून मी पुण्याला जाऊन कलम करून घेतलं होतं. ते असलं की भूक लागतच नाही. दहा दिवस काय, महिनाभरही लागली नसती. मी उपवास केलाच नाही गं. नुसती जेवले नाही. या उन्हाळ्यात कलम काढून टाकलं, आणि आज तिसऱ्या दिवशी तुझ्यासमोर बसून खातीय. कलम नसताना मी एवढीच आहे."

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी स्कूटर ढकलत नेत होतं. अक्कांनी जपमाळ गुंडाळून डबीत ठेवली. डबीचं झाकण त्यांना लवकर बसवता येईना.

"मी हात जोडले तुला," त्या एवढंच म्हणाल्या.

चंदनाचा हात त्रिशलाच्या पाठीवरून कधी निघाला ते कळलं नाही. ती थोडी मागे सरकली होती.

"मी विचारलं होतं तुम्हाला. स्वयंपाकघरात."

"हो."

"तिसऱ्या दिवशी मरते म्हणालात."

"ऐकीव होतं ते. मला माहीत नव्हतं."

"रोज माझ्या शेजारी बसत होता तुम्ही. मी तुमच्याकडे बघायचे. वाटायचं, बघा, ह्यांच्या चेहऱ्यावर काही नाही, आणि माझ्या डोक्यात सारखी भाकरी. प्रवचनातपण भाकरी. देवासमोरपण." चंदनाचा आवाज चढला नव्हता, पण त्याला कड आली होती. "वर्षभर मी स्वतःला पापी समजत होते, मामी. वर्षभर. रोज एकाच ताटावर बसत होतो आपण."

मज्जातंतू, संप्रेरकं, मेंदूतली ती जागा, सगळं त्रिशलाला समजावून सांगता आलं असतं आणि ते सगळं खरंही होतं. पण स्वयंपाकघरात जे घडलं ते कलमानं केलं नव्हतं.

भिंतीवरचं ऊन छतापाशी पोचलं होतं.

"दिवस चाललाय," अक्का म्हणाल्या. "नियमाचं मी पंडितांशी बोलीन. पाप लागलं तर मला लागूदे. त्रिशला, वाढ तिला."

"त्यांनी नको," चंदना म्हणाली. "माझं मी घेते."

ती भिंतीचा आधार घेत उठली आणि स्वयंपाकघरात गेली. झाकणाचा आवाज आला, पळीचा आवाज आला. त्रिशला दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याशी थांबली. "आधी पातळ घे. सावकाश," तिच्या तोंडून निघून गेलं. चंदनानं वळून पाहिलं नाही. पण तिनं भाताच्या पातेल्याकडे गेलेला हात मागे घेतला आणि मुगाच्या वरणाचं पाणी पेल्यात ओतलं.

ती ओट्यापाशीच खाली बसली. पेला दोन्ही हातांनी धरला. काठ दातांवर वाजत होता. पहिल्या घोटाला डोळे मिटले, मग पापण्यांवर काहीतरी ताणल्यासारखं झालं, ओठ पेल्यापासून सुटेनात, गालांची हाडं वर आली आणि गळ्याची शीर उडायला लागली. कुणालाही कळलं असतं. रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसालासुद्धा. त्रिशला उंबऱ्याशी उभी राहून सगळं पाहत होती, आणि आता तिला एवढंच कळत होतं, की गेल्या वर्षी आठ दिवस आपल्या शेजारी हाच चेहरा होता.